आमच्या ऋण्यांविषयी

आम्ही दोघे बहीणभाऊ. दोघेही मराठी शिकवतो, दोन वेगळ्या गावांतील महाविद्यालयांत. हा लेख दोघांनी मिळून लिहिला असल्यामुळे यातला 'आम्ही' खरोखरीचा अनेकवचनी आहे. हे आरंभीच का सांगावे लागले ते पुढे कळेल.

आमचे घर बोदवडचे. जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचा हा काळ्या जमिनीचा, कापसाचा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या संस्थेच्या मिशनऱ्यांनी वऱ्हाडात आणि खानदेशात काम उभे केले, ते पुष्कळसे याच लोहमार्गाच्या आधाराने. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले आणि अनेक पोरकी मुले मिशनच्या आश्रयाला आली. आमचे पणजोबा त्या दुसऱ्या दुष्काळातले. म्हणजे आमच्या घरात पवित्र शास्त्र आले ते भाकरीबरोबर. यावरून झालेली टिंगल आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर आधी मागितली आहे आणि क्षमा नंतर, याकडे टिंगल करणाऱ्यांचे लक्ष जात नाही.

त्या प्रार्थनेतल्याच एका शब्दाविषयी आम्हांला लिहायचे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रार्थनेत आपल्याकडील मराठी भाषांतराने 'ऋण' हा शब्द ठेवला आहे. मूळ ग्रीकमध्येही तेथे देण्याघेण्याचाच शब्द आहे. लूकच्या पाठात पहिल्या जागी 'पाप' येते, पण दुसऱ्यांना सोडण्याची गोष्ट निघताच तोही 'ऋणी' या शब्दाकडे वळतो. येशूच्या बोलीत, अरामाईत, ऋण आणि पाप या दोहोंसाठी एकच शब्द चालत असे, असे अभ्यासक सांगतात. इंग्रजीतील अनेक प्रचलित पाठांत मात्र 'अपराध' या अर्थाचा शब्द आला. अपराधाची क्षमा मनातल्या मनात करता येते. ऋण सोडायचे तर वही काढावी लागते. ज्या प्रदेशात कापसाच्या हंगामावर वर्षाची उधारी फिटते किंवा फिटत नाही, तेथे या शब्दाचा केवळ आध्यात्मिक अर्थ लावणे अवघड जाते.

आमचे वडील रेल्वेत होते. भुसावळला रोज जाऊन येऊन त्यांनी नोकरी केली. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचे शास्त्र चाळताना मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एक घडी केलेला कागद सापडला. वहीचे पान, त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प, सही, २०१२ सालचा जून महिना आणि रक्कम चाळीस हजार रुपये. सही आमच्याच मंडळीतील एका काकांची. त्या वर्षी बियाणे आणि बोअरसाठी त्यांनी पैसे घेतले होते. पुढे बोअरला पाणी लागले नाही, आणि पैसे परत आले नाहीत.

ज्या पानात कागद होता तेथे निर्दय चाकराचा दृष्टान्त आहे. धन्याने ज्याचे दहा हजार तालांतांचे देणे सोडले, तोच चाकर बाहेर पडल्यावर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. उपदेशांत हे शंभर दिनार नेहमी 'क्षुल्लक' म्हणून येतात. पण त्याच शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातील मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार आहे. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. आमच्याकडचा शेतमजूर या रकमेला क्षुल्लक म्हणणार नाही. दृष्टान्त दहा हजारांपुढे शंभरांना लहान करतो हे खरे. तरीही ते शंभर कोणाच्या तरी घामाचे असतात.

वडिलांनी पैसे कधी मागितले नाहीत, हे आम्हांला ठाऊक होते. त्याचा आम्हांला अभिमानही होता. कागद पाहून तो दुणावला. आमच्यापैकी एकाने तर स्मरणसभेत हा प्रसंग सांगण्याचे ठरवले होते. आईला म्हटले, "बाबांनी शास्त्र जगून दाखवलं." आई भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्यांनी सोडलं खरं. फेडलं मी."

२०१३ मध्ये आमच्यापैकी धाकटीच्या बी.एड.च्या प्रवेशासाठी पैसे भरायचे होते. ते कोठून आले हे आम्ही कधी विचारलेच नाही. आईच्या पाटल्या त्या महिन्यात गेल्या होत्या. तिला कोणी सक्ती केली नाही. पण कोणी विचारलेही नाही. दर रविवारी ती उपासनेत वडिलांच्या सोबत उभी राहून तीच प्रार्थना म्हणत होती, आणि दोन बाके पुढे ते काका आणि काकूही.

त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या ध्यानात आले की ही प्रार्थना पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत अनेकवचनी आहे. तीत 'माझा बाप', 'माझी भाकर', 'माझे ऋणी' असे कोठेही नाही. ऋण सोडणारे 'आम्ही' आहोत. सोडलेले ऋण हवेत विरत नाही. ते सोडणाऱ्याच्या घरात कोणीतरी फेडते. मग त्या 'आम्ही'मध्ये ज्याच्या वाट्याला फेडणे येणार, त्याचा होकार नको काय?

येथे आम्हांला तुकोबा आठवतात. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे म्हणत, तेव्हा मराठी ख्रिस्ती माणसाने तुकोबांकडून शास्त्राचा अर्थ शिकण्यात वावगे काही नाही. त्यांच्या घरची महाजनकी होती. दुष्काळानंतर त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या कथेतला एक तपशील मात्र आपण घाईने ओलांडतो. आधी त्यांनी कागदांची वाटणी केली, धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा हिस्सा त्याच्या हवाली केला, आणि बुडवला तो केवळ आपला हिस्सा. दुसऱ्याच्या वाट्याचे औदार्य आपण करू नये, एवढा व्यवहार त्या विरक्तीतही शाबूत होता. जिजाईचा हिस्सा मात्र कोणी वेगळा काढल्याचे कथा सांगत नाही. आमच्या वर्गांत हा प्रसंग आम्ही दोघांनी अनेक वर्षे शिकवला. जिजाईच्या बाजूने तो कधी वाचला नाही.

कागदाचे काय करायचे यावर आम्हां दोघांत मतभेद झाला. एकाचे म्हणणे फाडून टाकावा. दुसरीचे म्हणणे आईच्या नावे पैसे मागावेत, हप्त्याने का होईना. १८७५ साली सुप्यात आणि पुण्या-नगरच्या इतर गावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, हा इतिहास आम्ही एकमेकांना ऐकवला. पण आमचे वडील सावकार नव्हते आणि काकांनी बंड केले नव्हते. शेवटी आम्ही आईला विचारले. तेरा वर्षांत हा प्रश्न तिला प्रथमच विचारला जात होता. ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "फाडू नका. त्याच्या हातात द्या. फाडायचा तर त्यानं फाडावा."

आम्ही तिघे त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा ठेवला. आईने कागद पुढे केला आणि "हे आता आमच्याकडे नको," एवढेच म्हणाली. काकांनी तो उघडला, आपली सही पाहिली. बऱ्याच वेळाने ते बोलले, "भाऊंनी कधी मागितलं नाही, वहिनी. मागितलं असतं तर नाही तरी म्हणता आलं असतं. त्यांच्यासमोर मला बाकावर मान वर करता येत नव्हती." वडिलांचे मौन त्यांना क्षमा म्हणून पोचलेच नव्हते. त्यांना ते तगाद्यासारखे ऐकू येत होते.

वडिलांना उणे लेखावे म्हणून हे लिहिलेले नाही. चाळीस हजारांवर पाणी सोडणारा रेल्वेचा नोकरदार आम्हांला आजही मोठाच वाटतो. पण शास्त्रातील वचन आचरणात आणणे म्हणजे एका सत्पुरुषाने एकट्याने निश्चय करणे, अशी आमची समजूत होती, ती आता राहिली नाही. सोडणाऱ्याने घरच्यांना विचारावे आणि सोडल्याचे ऋण्याला तोंडाने सांगावे. ही दोन कामे वडिलांच्या हातून राहिली, ती आईने केली.

काकांनी कागद आमच्यासमोर फाडला नाही. घडी करून खिशात ठेवला. पुढे त्याचे काय झाले ते आम्ही विचारलेले नाही. पाटल्यांचे देणे मात्र शिल्लक आहे, आणि ते काकांकडे नाही. ज्या पदवीच्या जोरावर आमच्यापैकी एक आज वर्गात उभी राहते, तिच्या वहीत ते मांडलेले आहे. आईने ते सोडलेले नाही, आणि आम्हीही तिला तसे सुचवलेले नाही.