दोन विजांचं इंजिन

डेक्कन क्वीनमध्ये वर्षानुवर्षं रोज बसणाऱ्या माणसाला डबा ठाऊक असतो, जागा ठाऊक असते, ऑम्लेट कुठल्या स्टेशनानंतर येतं तेही ठाऊक असतं. पुढे कोणतं इंजिन लागलंय हे मात्र तो सांगू शकत नाही, आणि त्याचं काही अडतही नाही. आम्हा रनिंग स्टाफचं उलट असतं. लॉबीत साइन ऑन करताना गाडीच्या नंबराआधी आम्ही इंजिनाचा नंबर विचारतो. माझ्या नोकरीतला मोठा काळ ज्या इंजिनांवर गेला, तो वर्ग म्हणजे कल्याण शेडचा डब्ल्यूसीएएम-थ्री. डीसी आणि एसी अशा दोन्ही विजांवर चालणारं, प्रवासी गाडी आणि मालगाडी दोन्ही ओढणारं इंजिन. भेलने नव्वदीच्या उत्तरार्धात ही 53 इंजिनं बांधली. वजन 121 टन, सहा एक्सल, सहा मोटारी. एसीवर 5000 हॉर्सपॉवर, डीसीवर 4600. वेग ताशी 105 किलोमीटर. आकडे ऐकून कुणी थक्क होणार नाही. या इंजिनाचं मोल आकड्यांत नव्हतंच. ते कुठे चालायचं, यात होतं.

मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली ती 1500 व्होल्ट डीसीवर. पुढच्या पाच-सहा वर्षांत ही तार दोन्ही घाट चढून इगतपुरी आणि पुण्यापर्यंत पोचली. त्या काळी ते अगदी आधुनिक होतं. पण पन्नाशीच्या दशकात देशाने 25000 व्होल्ट एसीचा मार्ग धरला आणि भुसावळकडून येणारी एसीची तार इगतपुरीला येऊन डीसीला भिडली. तेव्हापासून तिथे इंजिन बदलणं आलं. एक काढायचं, दुसरं जोडायचं, हवेचा दाब तपासायचा, मग पुढे. प्रवाशाला तेवढ्यात वडापाव मिळे. वेळापत्रकाला मात्र ती रोजची कात्री होती.

या दोन विजांतला फरक कॅबमधल्या मीटरवर लख्ख दिसे. ताकद तेवढीच हवी असेल तर व्होल्टेज कमी म्हणजे करंट जास्त. एसीवर पूर्ण ताकद लावली तरी तारेतून साधारण दीडशे अँपिअर येतात. डीसीवर त्याच कामाला दोन हजारांच्या वर लागतात. म्हणून डीसीची तार जाड, सबस्टेशनं जवळजवळ. घाटात एका वेळी दोन-तीन गाड्या चढत असल्या की व्होल्टमीटरचा काटा 1500 वरून खाली घसरायचा. तो काटा पाहून कळायचं, की वर आणखी कुणीतरी ओढतंय. न दिसणाऱ्या गाडीची अशी खबर एसीने आम्हाला कधी दिली नाही.

तेव्हा दोन तारांच्या सीमेवर मधे एक मृत तुकडा असायचा, ज्यात कुठलीच वीज नसे. इंजिन काढण्याऐवजी डब्ल्यूसीएएम-थ्रीने तिथून जाताना स्वतःलाच बदलायचं. काही अंतर आधी पाट्या सुरू होतात. असिस्टंट मोठ्याने पुकारतो, मी तेच परत म्हणतो. दोघांच्या तोंडून निघाल्याशिवाय हात हलवायचा नाही. नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, शून्यावर. डीजे ओपन. डीजे म्हणजे इंजिनाचा मुख्य ब्रेकर. तो उघडला की ब्लोअर उतरत्या सुरात थांबतात, कॉम्प्रेसर गप्प होतो, आणि एरवी ओरडून बोलावं लागतं त्या कॅबमध्ये चाकांचा आवाज ऐकू येऊ लागतो. एका विजेचा पेंटो, म्हणजे छतावरून तारेला टेकणारा सांगाडा, खाली, स्विच फिरवायचा, सीमा ओलांडली की दुसऱ्या विजेचा पेंटो वर. मग नजर व्होल्टमीटरवर. काटा उठला, योग्य जागी टेकला, तरच डीजे क्लोज. विजेचा मेळ बसला नाही तर डीजे लागतच नसे. ती सोय बनवणाऱ्यांनी केली होती. पण इंजिन सांभाळून घेईल या भरवशावर काम करायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलेलं असे.

एवढा वेळ शेकडो टनांची गाडी केवळ आधी घेतलेल्या वेगावर चाललेली असते. म्हणजे खरं काम सीमेवर नसून तिच्या दोन-तीन किलोमीटर आधी असतं. वेग कमी ठेवला आणि नेमका पुढचा सिग्नल पिवळा मिळाला, तर मृत तुकड्यात उभं राहायची पाळी. मग दुसरं इंजिन येऊन ढकलेपर्यंत बसा, आणि पुढचे चार दिवस खुलासे लिहा.

वीज बदलली की हातही बदलावा लागे. एसीवर ट्रान्सफॉर्मरचे टॅप एकेक करून चढतात. कुठल्याही नॉचवर बराच वेळ थांबलं तरी चालतं. डीसीवर सुरुवातीला मोटारींच्या वाटेत रेझिस्टन्स असतात आणि ते एकेक करून काढत जायचं. मोटारी आधी सिरीजमध्ये, वेग आला की पॅरललमध्ये. रेझिस्टन्सच्या नॉचवर रेंगाळलात तर वीज गाडी ओढण्याऐवजी लोखंड तापवते. घाईने नॉच घेतलात तर चाकं जागच्या जागी फिरतात. एकाच दिवसात, एकाच खुर्चीवर बसून या दोन्ही चाली पाळायच्या. ज्याचा हात डीसीवर बसला, त्याला एसी सोपं जाई. उलटं क्वचितच झालेलं पाहिलं.

आणि मग घाट. कर्जत ते लोणावळा सुमारे 28 किलोमीटर, चढ 37 ला 1. म्हणजे 37 मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. रस्त्यावर हा चढ जाणवणारही नाही, पण लोखंडावर लोखंडाची पकड किती असणार? म्हणून कर्जतला मागे बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं, लागतात, दोन किंवा तीन. बँकरवाल्या ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नाही; शेवटच्या डब्याची पाठ हेच त्याचं जग. चढावर उभी राहिलेली गाडी उठवताना आधी मागून रेटा येऊ द्यायचा. डबे एकमेकांना टेकत टेकत तो पुढे पोचतो आणि खुर्चीखाली अगदी हलका धक्का कळतो. त्यानंतर आपण नॉच घ्यायचा. पुढच्याने आधी हिसका दिला तर ताण कपलिंगवर येतो. वॉकीटॉकी आल्यावर बोलणं सोपं झालं, तरी तो धक्का आला की नाही हे वॉकीटॉकी सांगत नाही.

पावसाळ्यात लोकांना वाटतं, मुसळधार पाऊस म्हणजे अडचण. धो धो पाऊस रूळ धुऊन काढतो. त्याची भीती नसते. त्रास भुरभुरीचा. रुळावरची धूळ, तेल आणि थोडंसं पाणी यांचं मिश्रण होतं आणि चाकाची पकड सुटते. बोगद्याच्या तोंडाशी तर हटकून. चाक सुटल्यावर वाळू सोडण्यापेक्षा सुटायच्या आधी एक नॉच कमी करणं बरं.

उतरताना शहाणपण हवेच्या हिशेबात असतं. ब्रेक पाइपात 5 किलोचा दाब. ब्रेक लावला की तो कमी होतो, सोडला की गाडीच्या शेवटापर्यंत परत भरायला वेळ लागतो. पुन्हा पुन्हा लावत-सोडत गेलात तर ऐन उतारावर हवा अपुरी पडते. म्हणून इंजिनाच्या डायनॅमिक ब्रेकवर गाडी धरायची आणि हवा राखून ठेवायची. उतारावरच्या मार्गावर कॅच सायडिंग आहेत. रुळांचा सांधा मुळात त्या चढत्या, आंधळ्या रुळाकडेच लावलेला. गाडी ठरल्या जागी उभी राहिली, म्हणजे ताब्यात आहे हे सिद्ध झालं, की मगच मेन लाइन मिळते. मंकी हिलला गाडी उगाच थांबते म्हणून कुरकुरणाऱ्या प्रवाशांसाठी तिचा ब्रेक तपासला जात असतो.

जून 2015 मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचा डीसीचा उरलेला तुकडा एसीवर गेला, पुढच्या वर्षी हार्बरचाही. बातम्यांत आलं की एका रात्रीत वीज बदलली. रात्र एकच होती, हे खरं. पण सीमा टप्प्याटप्प्याने मुंबईकडे सरकत असताना गाड्या चालू राहिल्या, कारण दोन्हीकडे चालणारी इंजिनं आणि लोकल हाताशी होत्या. नाहीतर सगळी इंजिनं, सगळे रेक एकाच दिवशी बदलावे लागले असते, आणि ते कुठल्याच रेल्वेला जमणारं नाही.

मुख्य मार्ग एसीवर गेला त्या दिवशी डब्ल्यूसीएएम-थ्रीचं निम्मं अंग निरुपयोगी झालं. पुढे ती फक्त एसीवर धावली आणि हळूहळू तिची जागा डब्ल्यूएपी-सेव्हनने घेतली. हे थ्री-फेज इंजिन नक्कीच सरस आहे. उतारावर आम्ही जी ताकद रेझिस्टन्समध्ये जाळून टाकायचो, ती हे तारेत परत देतं; चाक सुटायला लागलं तर संगणक आधी सावरतो. डब्ल्यूसीएएम-थ्री तडजोडीचं इंजिन होतं. एसीवर तिच्याहून वेगवान इंजिनं तेव्हाही होती, आणि दुहेरी सामानाचा भार तिने कायम वाहिला. पण जुनं न मोडता नव्याकडे जायचं असेल तर मधे कुणीतरी दोन्ही बाजूंचं ओझं घ्यावं लागतं, आणि काम झालं की बाजूला व्हावं लागतं. अशा यंत्रांची गणना उत्तम इंजिनांत होत नाही. माझ्या यादीत ती वर आहे.