बंपर आणि एक फरारी रिक्षावाला

आमच्या गाडीच्या मागच्या बंपरला तडा गेला तो एका रिक्षावाल्यामुळे, असे मी तीन आठवडे जगाला सांगत होतो. गाडी मंडईजवळ उभी होती, रिक्षा आली, ठोकर दिली आणि पळाली. सुरुवातीला गोष्ट एवढीच होती. पण पुण्यात ऐकणाऱ्यांना तपशील लागतो. दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्याला मिशा फुटल्या. चौथ्या दिवशी त्याच्या तोंडात पान आले. आठवडा संपेपर्यंत तो माझ्याकडे बघून हसलासुद्धा! अख्खी सोसायटी त्याला शिव्या घालत होती. सौ. मात्र नुसती ऐकत होती. मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

फियाट-अँबॅसिडरच्या जमान्यात बंपर पोलादी असत. वर क्रोमचा असा मुलामा, की त्यात बघून भांग पाडावा. ठोकर बसली तर समोरच्याची विचारपूस करावी लागे. आताचा बंपर म्हणजे प्लास्टिकचा टोप. हलका असतो, दबतो, धडकलेल्या माणसाला कमी लागते. सगळे मान्य. पण वाकतो तो स्वतः आणि मोडतो तो मालक!

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या टायवाल्या पोराने बंपरला हातही न लावता नऊ हजार दोनशेचा आकडा सांगितला. "रिपेअर होत नाही सर, रिप्लेसच." विम्याचा हिशेब मांडला तर तोही आमच्या अंगावर आला. प्लास्टिकच्या भागांवर घसारा ५० टक्के, वर पहिले हजार रुपये आपल्याच खिशातले. शिवाय पाच वर्षे एकही क्लेम न करता कमावलेली ५० टक्क्यांची बोनस-सवलत पुढच्या वर्षी पाण्यात. म्हणजे नारळ फोडायला दगड विकत घ्यायचा आणि खोबरे दुसऱ्याने न्यायचे.

शेजारच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी सल्ला दिला, "सरळ लोखंडी गार्ड बसवा." असल्या गार्डांवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली आहे, हे मी सांगितले तेव्हा ते सरकारवर रागावले.

मग नाना पेठ. स्पेअर पार्टच्या दुकानात नवा बंपर स्वस्त मिळत होता, पण रंगाशिवाय. रंग देण्याचे पैसे विचारले तर ते बंपरएवढेच! जुना बंपर तर त्याहून स्वस्त, फक्त हिरवा होता. चंदेरी गाडीला हिरवा बंपर म्हणजे धोतरावर टाय.

शेवटी एका गल्लीतला डेंटिंग-पेंटिंगवाला मिस्त्री गाठला. "अहो, मीपण येते," म्हणत सौ. गाडीत बसली. मिस्त्रीने बंपर उतरवला, साबणाने धुतला, उजेडात धरला आणि विचारले,

"साहेब, रिक्षा गुलाबी होती का?"

"म्हणजे?"

"हा बघा रंग. डिस्टेंपर आहे. रिक्षाला कुणी डिस्टेंपर देत नाही."

दिवाळीत आमच्या सोसायटीने गेटचे खांब गुलाबी रंगवले. त्या ठरावाला अनुमोदन माझेच होते.

मी सौ.कडे बघितले नाही. तशी गरजही नव्हती. चार वर्षांपूर्वी तिने लायसन्स काढले, तेव्हापासून तिने गाडी एकदाही गेटबाहेर काढली नव्हती. कारण मी. "अगं, तुला मागचा अंदाज येत नाही," हे माझे ठरलेले वाक्य. परवा रात्री रिव्हर्स घेताना खांबाने मला नेमके तेच ऐकवले होते.

मिस्त्री आपल्या कामाला लागला. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडले. गरम हवेच्या बंदुकीने पोचा मऊ करून आतून दाबला. टाके घालावेत तशा तापलेल्या तारेच्या पिना मागच्या बाजूने बसवल्या. तुटक्या बंपरचा तुकडा वितळवून सांधा भरला. मग लांबी, पॉलिश पेपर, प्रायमर, रंग आणि वर लॅकर. दोन दिवसांचे काम, अठराशे रुपये. रंगाच्या छटेत उन्हात थोडा फरक दिसतो. पण उन्हात आमच्याही चेहऱ्यात पुष्कळ काही दिसते.

पैसे सौ.नेच दिले, आपल्या पर्समधून. मग हात पुढे करून म्हणाली, "चावी."

मी निमूट दिली. ती नाना पेठेतून घरापर्यंत आली, एक शब्द न बोलता. गेटपाशी मी उतरलो आणि सवयीने ओरडू लागलो, "येऊ दे... येऊ दे... बास!" काच खाली करून ती म्हणाली, "अहो, बाजूला व्हा. तुमच्यामुळे खांब दिसत नाही."

गाडी थांबली तेव्हा खांब आणि बंपर यांच्यात चांगली वीतभर जागा होती. मी दोनदा मोजली.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी तिच्याकडे असते. सोसायटीला खरे काय ते मी सांगून टाकले. मॅनेजरांचा मात्र अजून विश्वास बसत नाही. मिशा होत्या म्हणतात, त्याला!