पट्टीचा कान

पद्मिनी गाडीच्या आतल्या प्लास्टिकच्या पट्टीचा स्क्रूचा कान उडालाय. उन्हानं प्लास्टिक पार पापड झालंय. नवी पट्टी कुठून आणणार? कुर्ल्यात पद्मिनी बनायची थांबली त्याला जमाना झाला. मग हीच दुरुस्त करायची. प्लास्टिक कोणतं ते बघायला कोपऱ्यात ॲसिटोनचा थेंब लावला, लगेच चिकट झालं, म्हणजे बहुधा एबीएस. पॉलिप्रॉपिलीन असतं तर ढिम्म हललं नसतं. पट्टीला गेलेला तडा जिथं संपतो तिथं बारीक भोक पाडलं, नाहीतर तो पुढे सरकतच राहतो. मग एबीएसचाच चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून दाट लगदा केला, मागून तारेची जाळी बसवली नि वर थापला. झटपट गोंदवाल्यांशी माझं पटत नाही. त्या गोंदाचा सांधा ठिसूळ, खड्ड्यात गाडी आदळली की सुटलाच! पुढून जोड दिसत नाही. मागची बाजू ओबडधोबड, पण मला तीच जास्त आवडली. उद्या पॉलिशपेपर.