लायनरचा वास

नगरहून पाथर्डीकडे निघालं की करंजीचा घाट, संभाजीनगरच्या रस्त्याला इमामपूरचा, आणि संगमनेरहून पुण्याकडे वळलं की चंदनापुरीचा. माळशेज किंवा कसारा पाहिलेल्या माणसाला हे घाट किरकोळ वाटतात. उसाने भरलेल्या ट्रकला तसं वाटत नाही. मला ब्रेक पहिल्यांदा कळला तो याच उतारांवर, आणि तोही नाकाने. तापलेल्या लायनरचा वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर जात नाही.

माझा मामा एसटीत ड्रायव्हर होता. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला नगरहून पुण्याला सुटली, याचा त्याला एवढा अभिमान की ऐकणाऱ्याला वाटावं, ती गाडी यानेच नेली. मामाचा जन्म त्यानंतरचा! सुट्टीत त्याच्या गाडीला गर्दी नसली तर मला पुढे इंजिनाच्या बॉनेटजवळ बसायला मिळे. करंजीच्या माथ्यावर तो गिअर खाली टाकायचा, इंजिन कण्हायला लागायचं, आणि उजवा पाय पेडलवर दाबून लगेच उचलायचा. पुन्हा दाब, पुन्हा उचल. बाकीचे ड्रायव्हर उतारभर पाय ठेवून असत, हा उचलतो का, असं विचारल्यावर म्हणाला, "बिरेक म्हंजी टेकू न्हाय, पाय टेकून बसायला."

एकदा घाटाच्या मध्यावर पुढचा ट्रक कडेला लागलेला दिसला. मागच्या चाकातून पांढरा धूर, किन्नर बादली घेऊन धावतोय. मामाने गाडी थांबवली, खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि ओरडला, "आरं पानी वतू नको! डरम तडकंल!" किन्नर तसाच थबकला. मग चाकाखाली दगड लावून दोघे ड्रायव्हर विडी ओढत बसले आणि प्रवासी बडबडत राहिले. ड्रम हाताला सोसेल इतका गार होईपर्यंत कुणी हललं नाही.

त्या धुराचं कारण पुढे कॉलेजात समजलं. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. जेवढं दाबावं तेवढं पेडल आणखी खाली जातं. घाबरलेला माणूस आणखी दाबतो, ड्रम आणखी तापतो. डिस्कचं उलट. ती तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच सरकते, शिवाय उघड्या हवेत फिरते. 1953 मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या गाड्या डनलॉपच्या डिस्क लावून उतरल्या आणि जिंकल्या. इतर गाड्या वळणाच्या कितीतरी आधी वेग उतरवायला लागत, या पुढे जाऊन दाबत, आणि पहाट झाली तरी तसंच दाबू शकत. इंजिनाची ताकद वाढवून जे मिळत नाही ते ब्रेकने मिळवता येतं, ही गोष्ट मोटारवाल्यांना तेव्हा पुरती पटली असावी.

मधली वर्षं सायकल आणि लूना यांत गेली. लूना आमच्या गावचीच, दौंड रोडच्या कायनेटिकच्या कारखान्यातली, त्यामुळे गल्लीत घरटी एक. तिच्या ब्रेकबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही. वेगच नव्हता, तर थांबवायचं काय?

खरी ओळख एमआयडीसीत झाली. मी लागलो त्या छोट्या वर्कशॉपमध्ये ड्रम आणि डिस्क लेथवर फिरवण्याचं काम चाले. ग्रे कास्ट आयर्न कातताना लांब वेटोळं निघत नाही, काळी भुकटी पडते. त्यातलं ग्रॅफाइट नखांत, कानांत, डब्यातल्या पोळीवरसुद्धा. हेच ग्रॅफाइट उष्णता झरझर पसरवतं, म्हणून इतकी वर्षं झाली तरी डिस्कला या स्वस्त लोखंडाहून सोयीचं काही सापडलेलं नाही. हवेशीर डिस्क तर बघत राहावी अशी चीज. दोन तबकड्या, मध्ये पाकळ्या. फिरली की मध्यातून हवा ओढते आणि कडेने फेकते. कातून झाली की डायल गेज लावून डगमग बघायची. काटा पाच शतांश मिलिमीटरच्या पुढे हलला की मुकादमाची भुवई हलायची.

शहराच्या एका कडेला वाहननगर, म्हणजे संरक्षण खात्याची व्हीआरडीई. गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ही एक. तिथल्या ट्रॅकवर आम्हाला कोण सोडणार, पण चाचणीचे नियम वाचायला मिळाले. प्रवासी गाडीची तापवण्याची चाचणी अशी: कमाल वेगाच्या 80 टक्क्यांवरून, पण 120 च्या वर नाही, वेग निम्म्यावर आणायचा, दर 45 सेकंदांनी एकदा, असं 15 वेळा. एवढं तापवल्यावरही थंड ब्रेकच्या निदान 60 टक्के ताकद उरली पाहिजे. जड गाड्यांसाठी आणखी एक: सहा टक्के उतार, ताशी 30 चा वेग, सहा किलोमीटर. ते वाचताना वाटलं, करंजीचा घाट कुणीतरी आकड्यांत लिहून काढलाय.

हे सगळं परत उकरायला लावलं ते माझ्या एका वर्गमित्राने. हा नगरचाच, पण बरीच वर्षं डेट्रॉइटजवळ. तरुणपणी ज्या गाडीचं कॅलेंडर खोलीत लावलं होतं ती त्याने पन्नाशीत घेतली: 1969 ची शेव्हरोले कॅमेरो. भलं मोठं व्ही-एट इंजिन, पुढे अकरा इंची डिस्क, मागे ड्रम. त्या काळातल्या अमेरिकन गाड्या सिग्नलपासून सुटण्यासाठी बांधलेल्या. थांबण्याचा विचार पुढच्या सिग्नलला. वॉटरफर्ड हिल्स नावाचा दीड मैलाचा जुना ट्रॅक आहे, तिथे हा गेला आणि काही फेऱ्यांतच पेडल फळीला टेकलं. रात्री फोन. "तेरा इंची, भोकं पाडलेल्या डिस्क बघून ठेवल्यात. मागवू?"

मी म्हटलं, आधी हिशेब कर. माणसासकट सोळाशे किलो गाडी, वेग 160. वळणाआधी 80 वर आणायची. वेग निम्मा झाला की पाऊण ऊर्जा गेली, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. एवढ्या उष्णतेत साधं नळाचं पावणेचार लिटर पाणी उकळीला येईल. हे काही सेकंदांत, त्यातलं बरंचसं पुढच्या दोन चाकांत, आणि पुढच्या वळणाला पुन्हा. तुझा प्रश्न पकडीचा नाही, ही उष्णता बाहेर कशी काढायची याचा आहे.

पेडल फळीला गेलं याचा अर्थ बहुतेक वेळा ब्रेक ऑइल उकळलं. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. हे तेल हवेतला ओलावा पितं. डॉट 4 नवं असताना 230 अंशांना उकळतं, ओलावा प्यालेलं 155 ला. त्याची गाडी मिशिगनच्या हिवाळ्यात महिनोन्महिने उभी, तेल कधीचं ते त्यालाच ठाऊक नव्हतं. (आपल्याकडे अर्ध्या बाटलीला कागदाचा बोळा लावून ती फळीवर ठेवणारे गॅरेजवाले काय वेगळं करतात म्हणा.) पेडल कडक राहूनही गाडी थांबत नसेल, तर मात्र पॅड जळालेत. रस्त्यावरच्या पॅडमधली राळ चारशे अंशांच्या आसपास वायू सोडते आणि पॅड त्या वायूवर तरंगतो. त्यासाठी ट्रॅकचे पॅड घ्यावे लागतात. मात्र ते थंड असताना चावत नाहीत, किंचाळतात, डिस्क खातात. ते लावून भाजी आणायला जाऊ नये.

म्हणून मी सांगितलेला क्रम स्वस्तापासून सुरू होणारा होता. जुनं तेल पूर्ण काढून नवं, चारही चाकांची एअर नीट काढून. मग पॅड. पन्नास वर्षांचे रबरी होज दाबाखाली फुगतात, ते काढून स्टीलच्या जाळीचे. मग पुढच्या बंपरखालून दोन पाइप, हवा थेट डिस्कच्या मध्यभागी सोडणारे, कारण पाकळ्या हवा तिथूनच ओढतात. बाहेरच्या तोंडावर फुंकून फारसं होत नाही. भोकांचं म्हणशील तर दिसायला छान, पण ट्रॅकच्या उष्णतेत तडा त्याच भोकापासून सुरू होतो. खाचा चालतील.

मागच्या चाकांबद्दल तो ऐकायला तयार नव्हता. मागेही डिस्क टाकून जास्त दाब द्यायचा त्याचा बेत. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, तिथे दाब जास्त झाला तर तीच आधी लॉक होतात आणि गाडीचं शेपूट पुढे यायला बघतं. म्हणून मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह बसवायला लावला आणि पुढची चाकं आधी अडतील इतपतच तो उघडायला सांगितला.

नवे पॅड बसवण्याचीही रीत आहे. शंभराच्या वेगावरून वीस-तीसवर आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग, पुन्हा तेच, आणि मग पायही न लावता गार होईपर्यंत फिरवत राहायचं. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून उभं राहिलं तर पॅडचा थर तिथेच चिकटतो आणि पुढे पेडल थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. शेवटची फेरी म्हणूनच हळू मारायची, आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. हे सांगताना मी म्हणालो, चाकाखाली दगड लाव. तो हसला. मामाची गोष्ट त्याने कॉलेजात अनेकदा ऐकली होती.

पुढच्या मोसमात तो तीच अकरा इंची डिस्क घेऊन सकाळभर पळाला. पेडल शेवटपर्यंत वर राहिलं, वळणाच्या खुणेपेक्षा बराच पुढे जाऊन दाबता येतं म्हणाला. उतरल्यावर चाकाजवळ वाकला तर तोच वास आला, करंजीचा, असंही म्हणाला. मी सांगितलं, आता पैसे खर्चायचेच असतील तर टायरवर खर्च, कारण शेवटी गाडी थांबवतं ते रबर.

परवा त्याने फोटो पाठवला. सतरा इंची सोनेरी रिम, आत तेरा इंची डिस्क. भोकं पाडलेली.