बाळंतिणीची मधाची बरणी

थंडी लागली की आमच्या कन्हानच्या घरी सुकामेव्याच्या मधाची बरणी भरायची, हा माझा जुना नेम. यंदा नातसून बाळंत झाली, म्हणून ती तिच्यासाठी.

करायचं फार काही नाही. बदाम, अक्रोड आणि आपल्याकडच्या रानातली चारोळी मंद आचेवर कोरडी भाजायची, पूर्ण गार होऊ द्यायची. मग सुंठ, वेलची आणि सावलीत वाळवलेली तुळस. सगळं काचेच्या कोरड्या बरणीत घालून बुडेल इतका मध ओतायचा. मध तापवायचा नाही. पंधरा दिवसांत चव उतरते.

ओलं आलं, ओली तुळस मात्र नको. चांगल्या मधात पाणी शेकडा वीसच्या आत असतं. ते वाढलं की मध आंबतो, फेस येतो. आग्या माशीचा रानमध बरेचदा पातळच असतो, म्हणून मी पेटीतल्या सातेरीचा घेते. (महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' झालं, तिथेही घरोघरी पेट्या आहेत.) आणि थंडीत मध साखरेसारखा बसला तर लगेच भेसळ म्हणू नका. तो त्याचा स्वभाव आहे.

बारशाला वन्संनी बोटातली सोन्याची अंगठी काढली, मधात बुडवून बाळाला चाटवायला. मी मध्ये पडले. मधात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या पोटात त्यांचं काही चालत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, दूध ओढेनासं होतं, श्वासही अडू शकतो. बोटुलिझम म्हणतात त्याला. मध शुद्ध असो, घरचा असो, घरी उकळलेला असो, धोका जात नाही.

"आपल्या सगळ्यांना चाटवलाच ना? काय झालं?" वन्सं म्हणाल्या.

काही झालं नाही, हे खरंच. हा आजार क्वचितच होतो. पण ते क्वचित आपल्याच घरी येणार नाही, हे कोण सांगणार? अंगठी नुसतीच बाळाच्या ओठांना लावली, कोरडी. वन्सं जेवल्या, पण माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत.

बाळंतिणीला मध चालतो, दुधातून बाळाला काही होत नाही. तरी बरणीवर मोठ्या अक्षरात 'फक्त आईसाठी' लिहून चिकटवलं आहे.

पुढच्या आठवड्यात वन्संची बरणी भरते आहे. त्यांना दात नाहीत, तेव्हा अक्रोड कुटून घालावे लागतील.