आरशातल्या माणसाने जेवायचे काय?

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा आवडीने वाचणाऱ्यांना एक खोड असते. कथा संपली तरी त्यांचे समाधान होत नाही. लेखकाने जे सांगितले त्यापेक्षा जे सांगितले नाही, त्याचाच ते पिच्छा पुरवतात. वाचकहो, ही खोड मलाही आहे. घरातील वृद्धांना बोलते ठेवण्यासाठी ती उपयोगी पडते, असे माझे अनुभवांती मत झाले आहे.

मराठीत या खोडीला भरपूर खाद्य पुरवले ते डॉ. जयंत नारळीकर यांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. ज. वि. ना. या स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम फिरवून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. पुढे ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत त्यांनी डाव्या-उजव्याचीच अदलाबदल केली. त्या कथेत गणपतीच्या मूर्तीची सोंड बाजू बदलते आणि क्रिकेटपटूचा गोलंदाजीचा हातही.

हे कसे घडावे? उजव्या पंजाच्या आकाराचा एक कागद कापून मेजावर ठेवा. मेजावरच कितीही फिरवला तरी तो डाव्या पंजासारखा होत नाही. उचलून पालथा केला की लगेच होतो. कागदाला जशी ही तिसरी मिती, तशी आपल्याला चौथी मिती लाभली, तर आपणही आरशातल्या प्रतिमेसारखे होऊन परत येऊ. कल्पना मोठी देखणी आहे.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात या कथेवरून आमचा रात्र रात्र वाद चाले. सामना जिंकला हे ठीक. परंतु असा माणूस काही महिने तसाच राहिला तर? हृदय उजवीकडे गेल्याची आम्हाला चिंता नव्हती. सर्व अवयव जन्मतःच विरुद्ध बाजूस असलेली माणसे साधारण दहा हजारांत एक आढळतात आणि बहुधा निरोगी आयुष्य जगतात. अपेंडिक्सचे दुखणे त्यांना डावीकडे होते, एवढे डॉक्टरांनी ध्यानात ठेवायचे. आमचा प्रश्न निराळा होता. त्याने जेवायचे काय?

कारण डावे-उजवे केवळ हातापायांत नसते, ते रेणूंतही असते. लुई पाश्चर यांनी १८४८ साली टार्टरिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक चिमट्याने निवडून त्यांचे दोन ढीग केले. एका ढिगातले स्फटिक दुसऱ्या ढिगातल्या स्फटिकांची आरशातली प्रतिमा होते. आपल्या शरीरातील प्रथिने जवळजवळ पूर्णपणे ‘डाव्या’ घटकांची, तर साखर ‘उजवी’. विकरे या एकाच जोडीला सरावलेली असतात. डाव्या पायात उजवा जोडा जावा कसा? म्हणजे आमच्या त्या खेळाडूला साखर गोड लागली असती, पण तिच्यातून बळ मिळाले नसते. भाकरी आणि वरण यांचीही तीच गत. पाणी, मीठ आणि प्राणवायू यांना मात्र डावे-उजवे नाही. मेदाम्लांनाही नाही; तेव्हा तुपाचा थोडाफार उपयोग होईल, असा एका मित्राचा दावा होता. त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही!

हा प्रश्न इतरांनाही सुचला होता. इंग्रज लेखक आर्थर क्लार्क यांच्या १९४६ सालच्या एका कथेत अपघाताने असा पालटलेला माणूस भरल्या ताटावर उपाशी राहतो.

आता आपल्या घरातील औषधांचा डबा उघडून पाहा. ‘लिव्हो’ म्हणजे डावे आणि ‘डेक्स्ट्रो’ म्हणजे उजवे. थायरॉइडची लिव्होथायरॉक्सिन, शिंकांवरची लिव्होसेट्रिझिन, खोकल्याच्या औषधातील डेक्स्ट्रोमिथॉर्फन आणि कंपवातावरची लिव्होडोपा, या नावांतच त्यांची बाजू लिहिलेली असते. १९६७ साली जॉर्ज कोटझियास यांनी कंपवाताच्या रुग्णांना डाव्या-उजव्या डोपाचे मिश्रण मोठ्या मात्रेत दिले. पुढे केवळ डावे रूप वापरल्यावर ती मात्रा बरीच कमी करता आली.

याच गोळीवरून घडलेला एक प्रसंग, ओळख पटू नये इतके तपशील गाळून सांगतो. भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात उभे आयुष्य गेलेल्यांना उतारवयात कमी ऐकू येणे नवे नाही. असेच एक आजोबा कंपवाताने आजारी होते. या आजारात चेहरा निर्विकार दिसतो आणि आवाजही क्षीण होतो. त्यामुळे आजोबांना काही समजत नाही, असा घरच्यांनी ग्रह करून घेतला होता. जो येई तो त्यांची परीक्षा घेई. “मी कोण, ओळखा पाहू? आज वार कोणता?” आजोबा मान फिरवून घेत.

एकदा त्यांच्यासोबत आलेल्या नातीच्या हातात नारळीकरांचे पुस्तक दिसले. मला राहवले नाही. आजोबांच्या समोर बसून, सावकाश आणि स्पष्ट आवाजात, मी दोघांनाही तो जेवणाचा प्रश्न घातला आणि त्यांच्या गोळीच्या नावाचा अर्थही सांगितला. नात विचारात पडली. बऱ्याच वेळाने आजोबा पुटपुटले, “म्हणजे डॉक्टर, त्या खेळाडूला माझी गोळी लागू पडायची नाही. त्याला उजवी लागंल.” उत्तर अगदी बरोबर होते. नात त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिली.

वाचकहो, यातील मर्म एवढेच आहे. वाराचे नाव विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. म्हणून तो प्रश्न परीक्षा ठरतो आणि चुकण्याच्या भीतीने वृद्ध माणूस गप्प राहणे पसंत करतो. कल्पित जगातील न सांगितलेल्या गोष्टीचे उत्तर मात्र नातीला ठाऊक नसते, डॉक्टरलाही नसते. तेथे आजोबा अनुत्तीर्ण होऊच शकत नाहीत. ते बरोबरीने विचार करतात. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ घटक सांगितले, त्यांत श्रवणदोष आणि सामाजिक एकाकीपणा हे दोन्ही आहेत. कोड्यांनी स्मृतिभ्रंश बरा होतो, असे मी म्हणणार नाही. पण गप्प बसलेला माणूस पुन्हा संभाषणात आला, तर तो लाभ थोडका नव्हे.

घरी हे करताना काही पथ्ये पाळावीत. प्रथम कान तपासून घ्यावेत आणि श्रवणयंत्र असेल तर ते लावलेले असावे. दूरदर्शन बंद करून समोरासमोर बसावे. कथा लहान निवडून मोठ्याने वाचावी आणि एकावेळी एकच प्रश्न विचारावा. पुष्पक विमानाला इंधन कोणते, अल्लाउद्दीनचा राक्षस दिव्याबाहेर नसताना काय करतो, असे प्रश्नही चालतील. उत्तराला मिनिटभर लागले तरी वाट पाहावी आणि त्यांचे वाक्य आपण पूर्ण करू नये. डोळे मिटू लागले की थांबावे.

दोन गोष्टी औषधाविषयी. लिव्होडोपा आतड्यात शोषली जाताना जेवणातील प्रथिनांशी तिची चढाओढ होते; म्हणून ती जेवणापूर्वी किती वेळ घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि बोलणे एकाएकी अडखळू लागले किंवा तोंड वाकडे झाले, तर कोडी घालत बसू नका. तत्काळ रुग्णालय गाठा.

एरवी आज रात्रीच्या जेवणाला हा प्रश्न घरात जरूर विचारून पाहा. तुपाचा निकाल लागला, तर मलाही कळवा.