मरा, पण शिकून मरा!

एक गोष्ट आधीच क्लिअर करून टाकते. हा गेम सुरू केल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही मरणार आहात. दुसऱ्यांदा खेळलात तर कदाचित बारा मिनिटं टिकाल. तिसऱ्यांदा पुन्हा आठ. चौथ्या वेळी माऊस आपटावासा वाटेल. पण थांबा, माऊस महाग आहे. आणि खरी मजा तर त्यानंतरच सुरू होते!

गेमचं नाव 'एन्टर द गंजन'. 'गन' आणि 'डन्जन' या दोन शब्दांची केलेली खिचडी. 'डॉज रोल' नावाच्या छोट्याशा स्टुडिओने तो बनवला आणि ५ एप्रिल २०१६ रोजी 'डेव्होल्व्हर डिजिटल'ने तो बाजारात आणला. म्हणजे अगदी ताजा माल नाही. पण या जातीच्या गेम्सबद्दल गप्पा निघाल्या, की अजूनही याचं नाव येतंच. शिवाय दिसायला जुन्या व्हिडिओ गेमसारखा, ठिपक्याठिपक्यांचा. त्यामुळे ऑफिसच्या साध्यासुध्या लॅपटॉपवरही आरामात चालतो. (ऑफिसच्या लॅपटॉपवर गेम टाकायचा की नाही, हे तुमचं तुम्ही बघा. मी काही सांगितलेलं नाही!)

आता हे 'रोगलाइक' प्रकरण काय आहे? १९८० साली 'रोग' नावाचा एक कॉम्प्युटर गेम आला. त्यात चित्रंसुद्धा नव्हती, नुसती अक्षरं आणि चिन्हं. पण त्याचे दोन नियम जबरदस्त होते. एक, मेलात की संपलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोन, प्रत्येक वेळी भुयाराचा नकाशा नवा. या दोन नियमांवर पुढे गेम्सचं एक अख्खं खानदान उभं राहिलं, त्यातलाच आपला गंजन. त्यामुळे नकाशा पाठ करून पास होणाऱ्यांची इथे पंचाईत होते. कालची खोली आज नसते. कालची बंदूक आज मिळेलच असं नाही. तुमच्याबरोबर पुढच्या खेळात जातो तो फक्त तुमचा हात, तुमची नजर आणि डोक्यात साठलेलं शहाणपण.

गोष्ट मात्र भन्नाट आहे. या भुयाराच्या तळाशी म्हणे अशी एक बंदूक आहे, जी माणसाचा भूतकाळच मारून टाकते. ज्याला आपल्या मागच्या आयुष्यातलं काहीतरी पुसायचंय, तो खाली उतरतो. वाटेत भेटणारे शत्रू म्हणजे चक्क हातपाय फुटलेल्या बंदुकीच्या गोळ्या! आणि हत्यारं? पत्रं आणि पार्सलं फेकणारी टपालपेटी, मासे उडवणारं पिंप, मधमाश्यांचं पोळं... बनवणाऱ्यांनी डोकं कुठे गहाण ठेवलं होतं कुणास ठाऊक. पण हसत हसत मरायची सोय पक्की.

तर दोस्तहो, नवख्यांसाठी हे काही फंडे.

फंडा नंबर १ : आधी चाला, मग कोलांटी मारा

या गेममधला मुख्य डाव म्हणजे कोलांटी, म्हणजेच डॉज रोल. स्टुडिओने स्वतःचं नावच त्यावरून ठेवलंय, यावरून काय ते समजा. कोलांटीच्या पहिल्या अर्ध्या भागात तुम्ही हवेत असता आणि तेव्हा गोळी लागत नाही. दुसऱ्या अर्ध्यात तुम्ही जमिनीवर येता, आणि तेव्हा व्यवस्थित लागते. नवा माणूस काय करतो? घाबरून सटासट कोलांट्या मारतो आणि उतरतो तो थेट दुसऱ्या गोळीवर. म्हणून बहुतेक गोळ्या नुसत्या चालून चुकवा. अगदीच वाट बंद झाली, तरच कोलांटी. तीही गोळ्यांपासून लांब नाही, तर गोळ्यांच्या रांगेतून आरपार. भिंतीकडे पळालात तर कोपऱ्यात सापडाल.

आणि नजर कुठे ठेवायची? संध्याकाळी सात वाजता दादरच्या पुलावरून चालताना तुम्ही समोरच्यांची तोंडं बघता का? नाही. तुम्ही मधल्या फटी बघता. इथेही तेच. शत्रूकडे टक लावून बघू नका, गोळ्यांमधल्या फटी बघा. मुंबईकरांना हा गेम लवकर जमायला हवा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

फंडा नंबर २ : 'ब्लँक' साठवू नका

'ब्लँक' म्हणजे संकटातली साखळी. वापरलात की समोरच्या सगळ्या गोळ्या गायब. खेळ सुरू होताना दोन मिळतात आणि प्रत्येक नव्या मजल्यावर ते पुन्हा दोनपर्यंत भरून मिळतात. पण दोन शिल्लक ठेवून खाली उतरलात, तर नवे मिळत नाहीत! म्हणजे वर्षअखेरीला उरलेल्या कॅज्युअल लीव्हसारखंच. ना घेतली, ना पुढे गेली. तेव्हा मजल्याच्या शेवटच्या बॉसशी लढताना ते खुशाल उडवा. हातात दोन ब्लँक असताना मरणं यासारखी चिडचिड दुसरी नाही. एक बोनस टिप : ब्लँकमुळे शेजारची गुप्त खोलीही उघडकीला येते. नकाशात एखादी जागा संशयास्पद रिकामी दिसली, तर तिथे करून बघा.

फंडा नंबर ३ : शोकेसमधला डिनर सेट बाहेर काढा

आपल्या घरोघरी एक डिनर सेट असतो. तो पाहुण्यांसाठी असतो आणि ते पाहुणे कधीच येत नाहीत. नवे खेळाडू चांगल्या बंदुकीचं नेमकं हेच करतात. सुरुवातीच्या साध्या पिस्तुलाच्या गोळ्या संपत नाहीत, बाकी बंदुकांच्या संपतात. मग 'नंतर लागेल' म्हणत भारी बंदूक पाठीवर ठेवायची, साध्या पिस्तुलाने रखडत लढायचं, त्यात मार खायचा आणि भारी बंदुकीसकट मरायचं. अरे, नंतर म्हणजे कधी? ज्या खोलीत जीव धोक्यात आहे, तिथे ती वापराच. गोळ्यांचे डबे वाटेत मिळतात. गेलेलं हृदय मात्र सहज मिळत नाही. सुरुवातीला तीनच हृदयं असतात आणि साधारण एका फटक्याला अर्धं जातं. हिशोब तुम्हीच करा.

फंडा नंबर ४ : घाई नको, मजला पूर्ण फिरा

खोलीत शिरलात की दारं बंद होतात आणि सगळे शत्रू संपल्याशिवाय उघडत नाहीत. आत गेल्या गेल्या टेबल शोधा, ते आडवं करा आणि मागे लपा. काही गोळ्या ते झेलतं, मग मोडतं. तेवढा श्वास पुरे. बॉसची खोली लवकर सापडली तरी लगेच आत घुसू नका. आधी अख्खा मजला फिरून घ्या. पेट्या, किल्ल्या, दुकान सगळं बघा. पेट्यांचे रंगही लक्षात ठेवा : तपकिरी सगळ्यात साधी, मग निळी, हिरवी, लाल आणि काळी म्हणजे लॉटरी. एकच किल्ली असेल तर ती तपकिरीवर उधळू नका. आणि हो, दुकानात गोळी झाडायची नाही! दुकानदार चिडतो. आपल्या नाक्यावरचा वाणीही चिडला असता.

बॉसला एकही फटका न खाता मारलंत, तर बक्षीस म्हणून आयुष्यात एका हृदयाची भर पडते. सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका. जिवंत राहणं हेच बक्षीस समजा.

फंडा नंबर ५ : योग्य माणूस निवडा

सुरुवातीला चौघं असतात : मरीन, पायलट, कॉन्व्हिक्ट आणि हंटर. नवख्यांनी मरीन किंवा हंटर घ्यावा. मरीनकडे सुरुवातीलाच एक चिलखत असतं. चिलखत तुटताना ब्लँकसारखं काम करतं, म्हणजे डबल फायदा. हंटरकडे एक क्रॉसबो असतो आणि एक कुत्रा. खोली साफ झाल्यावर तो अधूनमधून काहीतरी उकरून आणून देतो. एकटेपणातही सोबत. आणखी काय हवं?

फंडा नंबर ६ : पेटी की माणूस?

हा फंडा मला गेमने कमी आणि माझ्या धाकट्या भावाने जास्त शिकवला.

आमच्या डोंबिवलीच्या घरात 'अटेम्प्ट' हा शब्द फार जड आहे. भाऊ सीए फायनल देतोय. प्रत्येक पेपरला किमान ४० टक्के आणि ग्रुपला मिळून ५० टक्के, असं ते गणित. त्याचे पेपर सुटायचे, ग्रुप राहायचा. तिसऱ्या रिझल्टनंतर तो बोलायचाच बंद झाला. म्हणजे 'हो', 'नाही', 'जेवलो' एवढंच. बाबा पेपरमागे तोंड लपवायचे. आई त्याच्या आवडीची भाजी करायची आणि भाजीबद्दलच बोलायची. आत्याचा फोन आला की सगळे एकदम बिझी व्हायचे. घरात कुणी त्याला रागावलं नाही. त्याचंच त्याला जास्त ओझं होत असावं.

या गेममध्ये दोघांना एकत्र खेळता येतं. एकाच स्क्रीनवर, शेजारी शेजारी बसून. दुसरा खेळाडू 'कल्टिस्ट' होतो. कॉम्प्युटरवर खेळताना निदान एकाला तरी कंट्रोलर लागतो. एका मित्राकडून मी तो उसना आणला आणि भावाला म्हटलं, "अरे, मला दुसरा माणूस लागतोय." त्याने खांदे उडवले आणि बसला.

दोघांच्या खेळात एक नियम आहे. एक जण मेला आणि दुसरा जिवंत असला, तर जिवंत असलेल्याने पुढची पेटी उघडायची. त्यातून बंदूक निघत नाही. मेलेला जोडीदार बाहेर येतो. म्हणजे जोडीदार परत हवा असेल, तर पेटीतल्या मालावर पाणी सोडावं लागतं.

त्या रात्री तो दुसऱ्या मजल्यावर मेला. दोन खोल्या पुढे मला लाल पेटी दिसली. तो शेजारून म्हणाला, "ताई, माझ्यासाठी नको उघडू. मी परत मरणारच आहे. लाल पेटी फुकट जाईल."

गेमबद्दलच बोलत होता तो. किंवा नव्हता.

मी म्हटलं, "गप रे. एकटीने मला बॉस झेपणार नाही." आणि पेटी उघडली. आम्ही बॉसपर्यंत गेलो आणि दोघंही मेलो. तो हसला. कितीतरी दिवसांनी. मग पाणी प्यायला उठला आणि येताना म्हणाला, "तू त्या शेवटच्या वेळी उजवीकडे का पळालीस? तो आधी डावीकडेच मारतो. मी मघाशी बघितलं होतं." आता अख्खी चर्चा त्या बॉसवर. कुठे थांबायचं, कधी ब्लँक टाकायचा. अपयशाबद्दल एवढं सविस्तर आणि एवढं बिनघोर तो पहिल्यांदाच बोलत होता.

मला तेव्हा या खेळाची खरी गंमत कळली. इथे मेल्यावर कुणी 'किती मार्क कमी पडले' विचारत नाही. विचारतात, 'कशाने मेलास?' दोन्ही प्रश्न अपयशाबद्दलचेच. पण पहिल्याने मान खाली जाते, दुसऱ्याने डोकं चालायला लागतं.

उगाच फिल्मी होत नाही. गेम खेळून सीए होता येत नाही, आणि भाऊ अजून झालेला नाही. पण पुढच्या आठवड्यात जेवताना त्याने आपणहून विषय काढला. "बाबा, यावेळी मी दोन्ही ग्रुप देत नाही. एकच देतो. कुठे मार्क जातात ते मी लिहून काढलंय." बाबांनी पेपर खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "दाखव." त्यानंतर दोघं बराच वेळ एकाच कागदावर वाकून बसले होते. आईने त्या दिवशी भाजीबद्दल काही विचारलं नाही.

फंडा नंबर ७ : 'अजून एकच' या शब्दांपासून सावधान

एक चांगला खेळ पाऊण-एक तास सहज खातो. त्यामुळे रात्री साडेअकराला 'अजून एकच' म्हणणं म्हणजे सकाळची आठ-दोनची फास्ट सोडणं. आधीच ठरवा : आज दोन किंवा तीन, बस्स. चिडून सुरू केलेला खेळ नेहमी पहिल्याच मजल्यावर संपतो. उठा, चहा घ्या, मग बसा.

दर वेळी मेल्यावर पाच सेकंद थांबून स्वतःला एकच प्रश्न विचारा : कशाने मेलो? उत्तर 'नशीब' असेल तर ते खोडा आणि दुसरं शोधा. गेममध्ये 'अमोनोमिकॉन' नावाचं एक पुस्तक आहे. तुम्हाला सापडलेल्या बंदुका आणि भेटलेले शत्रू त्यात नोंदले जातात. ते वाचा. बॉस मारल्यावर खास क्रेडिट्स मिळतात. ती वरच्या दुकानात खर्च केली, की नव्या वस्तू पुढच्या खेळांमध्ये सापडायला लागतात. म्हणजे मेलात तरी सगळंच पाण्यात जात नाही.

मजले पाच आहेत. पहिल्या आठवड्यात दुसरा पार केलात तरी स्वतःला पार्टी द्या. तिसऱ्यावर पोचलात तर मित्रांना सांगा. आणि पाचव्यावरचा ड्रॅगन दिसलाच, तर लक्षात ठेवा : भिंतीकडे पळायचं नाही, फटी बघायच्या आणि ब्लँक खिशात ठेवून मरायचं नाही.

चला, ऑल द बेस्ट. मरा बिनधास्त!